भेट नको, वारी हवी

महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या समाजसेवेविषयी आपल्याकडे जी चर्चा होते, तिच्यात बहुधा दोनच सूर उमटतात. एक तक्रारीचा. आजच्या तरुणांना स्वतःपलीकडचे काही दिसत नाही, असे वडीलधारी मंडळी म्हणतात. दुसरा कौतुकाचा. एखाद्या शिबिराचे छायाचित्र प्रसिद्ध झाले की तरुण पिढी जागी झाल्याची ग्वाही दिली जाते. या दोन्ही सुरांत एक प्रश्न मात्र राहून जातो. विद्यार्थी जी सेवा करतात ती किती काळ, कोणाच्या मार्गदर्शनाखाली आणि कोणाच्या सोयीने व्हावी? रस्तादुरुस्ती किंवा वृक्षारोपण यांच्याबाबतीत हा प्रश्न फारसा जाचत नाही. एक दिवस खड्डे बुजविले तर निदान एका दिवसापुरते खड्डे बुजतात. परंतु ज्या शाळेत बहुविकलांग मुले शिकतात, त्या शाळेच्या दारात विद्यार्थी येऊन उभे राहिले की हाच प्रश्न सर्वांत महत्त्वाचा ठरतो.

अशा शाळांना दिल्या जाणाऱ्या भेटींचे स्वरूप सर्वांच्या परिचयाचे आहे. स्वातंत्र्यदिन, ३ डिसेंबरचा जागतिक अपंग दिन किंवा एखाद्या पुढाऱ्याचा वाढदिवस, असे काही निमित्त असते. चाळीस-पन्नास विद्यार्थी येतात, खाऊ वा वह्या वाटल्या जातात, मुलांना एका दालनात आणून बसविले जाते, दोन भाषणे होतात आणि फलक धरून छायाचित्र घेतले जाते. आलेल्या तरुणांच्या मनात कणव नसते असे मुळीच नाही; कित्येकांचे डोळे खरोखरच पाणावतात. परंतु त्या दिवशी शाळेचे वेळापत्रक मोडलेले असते. ज्या मुलाला दिसत नाही व ऐकूही येत नाही, त्याच्या दृष्टीने हा सोहळा म्हणजे अनोळखी हातांचा अवचित झालेला स्पर्श, एवढाच असतो. गलबल्याने ज्याचे स्नायू ताठरतात ते मूल अधिकच आखडून जाते. पाहुणे परतल्यावर मुलांना पुन्हा शांत करण्यात शिक्षिकेचा उरलेला दिवस जातो.

प्रस्तुत लेखाचे म्हणणे थोडक्यात असे आहे : बहुविकलांग मुलांच्या शाळांना महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची गरज आहे आणि ती फार मोठी आहे, परंतु त्यांना पाहुणे नकोत. ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, वर्षभर येणारा तोच विद्यार्थी हवा. आज राष्ट्रीय सेवा योजनेच्या नावाने जे तास खर्ची पडतात, तेवढ्याच तासांत हे साधण्यासारखे आहे.

बेरीज नव्हे, गुणाकार

बहुविकलांगता म्हणजे दोन वा अधिक विकलांगता एकाच व्यक्तीत असणे, एवढी व्याख्या कायद्याला पुरते. शिक्षकाला ती पुरत नाही. अंध मुलाचे शिक्षण कान आणि बोटे यांच्या आधारे उभे राहते. कर्णबधिर मुलाचे डोळ्यांच्या आधारे. एका इंद्रियाची उणीव दुसऱ्याने भरून काढावयाची, हे विशेष शिक्षणाचे एक मूलतत्त्व आहे. ज्या मुलाकडे डोळे आणि कान ही दोन्ही साधने नाहीत, त्याच्याबाबतीत ही भरपाईच अडते. मेंदूच्या पक्षाघातामुळे ज्याचे हात इच्छेप्रमाणे हलत नाहीत, त्याला ब्रेलच्या ठिपक्यांवर बोट स्थिर ठेवता येत नाही आणि खुणांची भाषा बोलण्यासाठी हातही आवरता येत नाहीत. त्यात अपस्माराचे झटके असतील, किंवा आकलनाची गती मंद असेल, तर प्रत्येक अडचण दुसरीला गुणते. अंधांची शाळा म्हणते, हे मूल बहिरे आहे. कर्णबधिरांची शाळा म्हणते, ते अंध आहे. परिणामी मूल घरी राहते.

कायद्यालाही ही मुले उशिराच दिसली. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकारांची यादी होती. तीत बहुविकलांगतेला स्वतंत्र स्थान नव्हते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात आणि मतिमंदत्व यांच्या जोडीला तिचे नाव घेतले. बहुविकलांगांसाठी राष्ट्रीय संस्था चेन्नईजवळ मुट्टुकाडू येथे निघाली ती २००५ मध्ये. २०१६ च्या कायद्याने यादी एकवीस प्रकारांपर्यंत वाढविली, तेव्हा कोठे अंध-बधिरत्वासह बहुविकलांगता तीत आली. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली. त्यांपैकी सुमारे २१ लाख बहुविकलांग होत्या. एकट्या महाराष्ट्रातील अपंगांची संख्या २९ लाखांहून अधिक भरली. शासनाने आता ‘दिव्यांग’ हा शब्द स्वीकारला आहे आणि राज्यात त्यांच्यासाठी २०२२ मध्ये स्वतंत्र विभागही निर्माण झाला. शब्द आणि विभाग यांचे स्वागतच केले पाहिजे. परंतु मुलाच्या दिवसात त्याने काय फरक पडला, ही खरी कसोटी होय.

या क्षेत्रात महाराष्ट्राजवळ परंपरा नाही असे नाही. पुण्याची ‘कामायनी’ १९६४ पासून मतिमंद मुलांसाठी काम करीत आली आहे. मुंबईत मिठू अलूर यांनी १९७२ मध्ये मेंदूच्या पक्षाघाताने ग्रस्त मुलांच्या शिक्षणाचे काम सुरू केले. अंध-बधिर मुलांसाठी देशातील पहिली शाळा १९७७ मध्ये मुंबईतच बेरोझ वाच्छा यांच्या प्रयत्नांतून उभी राहिली व तिला हेलन केलरचे नाव देण्यात आले. मराठवाड्यात लातूरजवळ हरंगुळ येथे ‘संवेदना’ हे मेंदूच्या पक्षाघाताने ग्रस्त मुलांसाठीचे केंद्र चालते. अमरावती जिल्ह्यातील वझ्झर येथे बेवारस विकलांग मुलांना घर देणाऱ्या शंकरबाबा पापळकर यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली. या प्रत्येक कामामागे कोणाचा तरी ध्यास आहे. ध्यास घेणारी माणसे मोजक्या ठिकाणी असतात. मुले मात्र प्रत्येक तालुक्यात असतात. ध्यास सर्वत्र निर्माण करता येत नाही. नियमितपणा मात्र व्यवस्थेने निर्माण करता येतो, आणि म्हणूनच विद्यार्थ्यांचा विचार करावयाचा.

वीस वर्षांची शिक्षिका

हेलन केलरची कथा आपल्या पाठ्यपुस्तकांमुळे घरोघर पोहोचली आहे. पंपाच्या धारेखाली हात धरल्यावर तिला ‘पाणी’ या शब्दाचा उलगडा झाला, तो प्रसंग बहुतेकांना माहीत असतो. त्यातील एक तपशील मात्र सहसा सांगितला जात नाही. ३ मार्च १८८७ रोजी अॅन सलिव्हन जेव्हा हेलनच्या घरी आली, तेव्हा तिचे वय होते वीस वर्षे. आपल्याकडील पदवीच्या शेवटच्या वर्षाला असणाऱ्या मुलीएवढे. पाण्याचा तो प्रसंग घडला ५ एप्रिलला. म्हणजे महिनाभर ती तरुणी त्या हट्टी, चिडखोर मुलीच्या तळहातावर रोज अक्षरे लिहीत होती आणि त्यांचा अर्थ त्या मुलीला लागत नव्हता. पहिल्या आठवड्यानंतर ती निघून गेली असती, तर तिच्या येण्याची कोणी नोंदही घेतली नसती. ती १९३६ मध्ये मृत्यू येईपर्यंत हेलनजवळ राहिली.

यातून काढावयाचा बोध असा नव्हे की प्रत्येक विद्यार्थ्याने आयुष्य वाहून टाकावे. अॅन सलिव्हन स्वतः जवळजवळ अंधत्व भोगलेली होती. अंधांच्या शाळेत ती शिकली होती आणि येण्यापूर्वी अशा मुलांना शिकविण्याच्या आधीच्या प्रयोगांचा तिने अभ्यास केला होता. तयारी आणि टिकून राहणे, या दोन गोष्टी तिच्याजवळ होत्या. वयाने वा पदवीने ती मोठी नव्हती. आपल्या वार्षिक भेटींत नेमक्या याच दोन गोष्टी नसतात. आणि दोन्ही गोष्टी विद्यार्थ्यांना देता येण्याजोग्या आहेत.

तज्ज्ञाचे कौशल्य, विद्यार्थ्याचे तास

बहुविकलांग मुलाच्या शिक्षणात कौशल्य लागते तसाच वेळही लागतो. कौशल्य विशेष शिक्षकाचे, भौतिकोपचार तज्ज्ञाचे, वाचा-उपचार तज्ज्ञाचे. १९९२ च्या कायद्याने स्थापन झालेल्या भारतीय पुनर्वास परिषदेकडे विशेष शिक्षक व वाचा-उपचार तज्ज्ञ यांची नोंदणी होते, आणि ते योग्यच आहे. परंतु तज्ज्ञाने एकदा दाखवून दिलेली कृती मुलाकडून शेकडो वेळा करून घ्यावी लागते. चमचा धरणे, पेल्याची कड ओठांना लागल्यावर तोंड उघडणे, दोन चित्रांपैकी एकाकडे नजर वळविणे, ही एकेक गोष्ट साध्य होण्यास महिने लागतात. तज्ज्ञ दुर्मीळ असतो. त्याचे तास त्याहून दुर्मीळ. विद्यार्थ्याजवळ कौशल्य नसते, पण तास असतात. या दोहोंची सांगड घालणे हाच या प्रश्नाचा गाभा आहे.

जेवणाचेच उदाहरण घ्या. ज्या मुलाला नीट गिळता येत नाही, त्याला एक जेवण भरविण्यास अर्धा तास सहज लागतो. कधी त्याहून अधिक. त्याला ताठ बसवून, डोके किंचित पुढे ठेवून, लहान लहान घास द्यावे लागतात आणि प्रत्येक घास गिळला गेल्याची खात्री करून पुढचा द्यावा लागतो. घाईने डोके मागे करून भरविले तर अन्न श्वासनलिकेत जाते. त्यातून न्यूमोनिया होऊ शकतो. एका मदतनिसाकडे आठ-दहा मुले असतील तर तिने घाई करू नये असे सांगणे सोपे, करणे अवघड. येथे चार जोडी शिकलेले हात मिळाले तर त्या शाळेची दुपार बदलते. मात्र ते हात आधी शिकलेले असले पाहिजेत.

संभाषणाचेही तसेच. बोलता न येणारे मूल ‘होय’ म्हणण्यासाठी पापणी हलविते, कोणी जीभ दाखविते, कोणी डावीकडे पाहते. हे उत्तर यायला कधी अर्धे मिनिट लागते. आपण पाच सेकंद थांबतो आणि ‘याला काही कळत नाही’ असा निर्णय देऊन मोकळे होतो. ज्याने त्या मुलाबरोबर वीस दुपारी घालविल्या, त्यालाच ती पापणी वाचता येते. अंध-बधिर मुलाच्या शिक्षकांमध्ये अशी रीत आहे की मुलाजवळ जाणाऱ्याने प्रत्येक वेळी स्वतःची तीच खूण द्यावी : मनगटावरचे कडे, विशिष्ट अंगठी, किंवा खांद्यावर ठरलेल्या प्रकारे ठेवलेला हात. त्या खुणेवरून मूल माणूस ओळखते. मंगळवारी येणारे कडे पुढच्या मंगळवारीही आले, म्हणजे त्या मुलाच्या जगात मंगळवार निर्माण झाला. आठवडा आहे, काळाला क्रम आहे आणि गेलेले माणूस परत येते, हे त्याला असेच समजते. एकदाच येऊन गेलेला विद्यार्थी याच्या नेमके उलट शिकवून जातो.

यात अशक्य असे काही नाही. समाजकार्याचे शिक्षण देणाऱ्या आपल्या संस्थांत विद्यार्थ्यांनी आठवड्यातील ठरलेले दिवस एखाद्या संस्थेत काढावयाचे, त्याची नोंदवही ठेवावयाची आणि शिक्षकाने ती तपासावयाची, ही पद्धत कित्येक दशके रूढ आहे. मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था १९३६ पासूनची. पुण्याची कर्वे समाजसेवा संस्था १९६३ पासूनची. तेथे जे समाजकार्याच्या पदवीसाठी आवश्यक मानले गेले, ते कला, वाणिज्य व विज्ञान शाखांच्या विद्यार्थ्यांना थोड्या प्रमाणात का देऊ नये?

नांदूरघाटच्या दृष्टीने

हा विचार शहरांपुरता राहिला तर तो अपुरा ठरेल. बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यातील नांदूरघाटसारखे गाव डोळ्यांसमोर आणावे. या परिसरातील मुले-मुली केज, बीड, अंबाजोगाई येथील महाविद्यालयांत शिकावयास जातात. विशेष शाळा असतात त्या बहुधा मोठ्या गावांत. महाविद्यालयात जाण्यासाठी धडधाकट तरुणाला एस. टी. पुरते, बहुविकलांग मुलाला रोज शाळेत नेण्यासाठी एस. टी. पुरत नाही. त्याच्याबरोबर आईला जावे लागते, म्हणजे तिचा रोज बुडतो.

शिक्षणहक्क कायद्यात २०१२ मध्ये झालेल्या दुरुस्तीने बहुविकलांग व तीव्र विकलांग मुलांना घरी राहून शिक्षण घेण्याचा पर्याय दिला. हेतू चांगला होता. परंतु एका विशेष शिक्षकाकडे अनेक शाळा आणि अनेक घरे असतात. दोन फेऱ्यांच्या मधल्या काळात मूल काय करते? गृहाधिष्ठित शिक्षणाचे रूपांतर घरी बसण्यात होण्यास वेळ लागत नाही. त्याच गल्लीतील पदवीचा विद्यार्थी विशेष शिक्षकाने दाखविलेली कृती आठवड्यातून दोनदा करून घेऊ लागला, तर दोन फेऱ्यांमधील पोकळी भरू लागते.

बीड जिल्ह्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की येथील हजारो कुटुंबे दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात आणि होळी-पाडव्याच्या सुमारास परततात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडल्याशिवाय परतता येत नाही. अशा घरात बहुविकलांग मूल असेल तर आईबापांपुढे दोनच वाटा उरतात. त्याला फडावरच्या कोपीत न्यावे, की गावात म्हाताऱ्या आजीच्या स्वाधीन करावे? पहिल्या वाटेवर औषध व शाळा सुटते. दुसऱ्या वाटेवर, वाढत्या अंगाचे मूल उचलण्याची ताकद नसलेल्या आजीवर सर्व भार पडतो.

आता महाविद्यालयाचे वेळापत्रक पाहा. दिवाळीनंतरचे सत्र आणि ऊसतोडीचा हंगाम यांचा काळ बव्हंशी एकच आहे. राष्ट्रीय सेवा योजनेची सात दिवसांची निवासी शिबिरेही बहुधा हिवाळ्यात, म्हणजे याच काळात भरतात. गावातील कर्ती माणसे बाहेर असतात तेव्हाच विद्यार्थी गावात असतात. या जुळणीचा उपयोग आपण आजवर केलेला नाही. शिबिरातील श्रमदानाच्या बरोबरीने दोन दिवस घरोघर जाऊन कोणत्या घरात असे मूल आहे, त्याच्याजवळ प्रमाणपत्र आहे की नाही, औषध नियमित मिळते की नाही, एवढी नोंद केली, तरी त्या गावाजवळ प्रथमच एक यादी तयार होईल. पुढील काम त्या यादीवरून चालू शकेल.

एकशे वीस तासांचा हिशेब

राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, ३७ विद्यापीठांतील सुमारे चाळीस हजार विद्यार्थ्यांसह सुरू झाली. तिच्या नियमांनुसार स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास व दोन वर्षांत २४० तास नियमित कार्य करावयाचे असते. महाविद्यालयीन वर्षाचे कामकाजाचे आठवडे तीस धरले तर आठवड्याला चार तास होतात, म्हणजे दोन दुपारी. एका तुकडीत साधारणतः शंभर स्वयंसेवक असतात. त्यांपैकी केवळ वीस जणांनी हे काम पत्करले आणि एका मुलामागे दोघांची जोडी लावली, तर दहा मुलांना वर्षभराचा सोबती मिळतो. जोडी अशासाठी की एकाची परीक्षा वा आजारपण आले तरी मुलाचा वार चुकू नये.

यासाठी नव्या योजनेची वा मोठ्या निधीची आवश्यकता नाही. विद्यापीठाने एवढेच करावे : या कामाचे तास सलग दिवसांत न मोजता आठवड्यांच्या सातत्यावर मोजावेत. जो वर्षभर दर आठवड्याला गेला त्याचे शंभर तास, आणि जो दोन मोठ्या कार्यक्रमांत राबला त्याचेही शंभर तास, हे समीकरण या क्षेत्रापुरते बंद करावे. काम सुरू होण्यापूर्वी विशेष शाळेतील शिक्षकांनी निदान दोन दिवस प्रशिक्षण द्यावे : मुलाला कसे उचलावे, कसे बसवावे, कसे भरवावे, झटका आल्यास काय करावे आणि काय करू नये. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवी अभ्यासक्रमात लोकसहभागाच्या कामाला श्रेयांक देण्याची तरतूद आली आहे. त्या तरतुदीचा उपयोग प्रकल्पवह्या सजविण्यासाठी होणार की अशा नियमित कामासाठी, हे प्राध्यापकांच्या हाती आहे.

आक्षेपांचा विचार

या सूचनेवर काही आक्षेप येतील आणि ते दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. पहिला आक्षेप असा की अप्रशिक्षित हातांनी अपाय होईल. तो खरा आहे. आखडलेला हात जोराने ओढून सरळ करू पाहणारा उत्साही तरुण मुलाला इजा करू शकतो. म्हणूनच प्रशिक्षणाशिवाय प्रवेश नको, आणि शिक्षकाने जे दाखविले तेवढेच करावयाचे, हा नियम असावा. बोलू न शकणारे मूल आपल्यावरील अन्यायही सांगू शकत नाही, हे ध्यानात ठेवून स्वयंसेवकाने मुलाबरोबर एकट्याने बंद खोलीत कधीही राहू नये, हाही नियम तितकाच कडक हवा. मुलांची छायाचित्रे घेऊन ती प्रसृत करण्याची मोकळीक तर मुळीच असू नये. मुलाची संमती घेता येत नाही, म्हणजे ती गृहीत धरता येते असे नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. फुकटचे हात मिळाले की शासन व संस्थाचालक रिक्त पदे भरणार नाहीत. विद्यार्थी हे शिक्षकांना पर्याय ठरतील. आपल्या सार्वजनिक जीवनाचा अनुभव पाहता ही भीती निराधार म्हणता येत नाही. यावर उपाय एकच. ज्या शाळेत नोंदणीकृत विशेष शिक्षक नाही, तेथे स्वयंसेवक पाठवूच नयेत. विद्यार्थ्याचे तास तज्ज्ञाच्या कौशल्याला जोडून असतील तरच त्यांचा उपयोग. कौशल्याच्या जागी ते उभे राहिले तर मुलाचे नुकसान आणि शासनाची सुटका, असे दोन्ही अनर्थ होतील. किंबहुना दर आठवड्याला शाळेत जाणारा विद्यार्थी हा त्या रिकाम्या खुर्चीचा साक्षीदार असतो. वर्षातून एकदा आलेल्या पाहुण्याला ती खुर्ची दिसत नाही. २०१६ च्या कायद्याने सहा ते अठरा वर्षे वयाच्या, ठरावीक प्रमाणाहून अधिक विकलांगता असलेल्या मुलांना जवळच्या किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. तो प्रत्यक्षात किती उतरला, हे विचारण्याचा नैतिक अधिकार नियमित जाणाऱ्यालाच प्राप्त होतो.

तिसरा आक्षेप विद्यार्थ्यांच्या बाजूचा. ग्रामीण भागातील अनेक विद्यार्थी शेतात राबून किंवा दुकानात काम करून शिकतात. मुलींना गावाच्या वेळेत घरी परतावे लागते. त्यांच्यावर हा बोजा कशासाठी? बोजा नकोच. हे काम सक्तीचे केले तर पुन्हा हजेरीपटावरील सह्याच वाढतील. ज्याला जमेल त्यानेच घ्यावे, पण घेतले तर वर्ष पुरे करावे. मुलींना आपल्याच गावातील घर नेमून दिले तर प्रवासाची अडचण बरीच दूर होते.

कागदाची लढाई

विद्यार्थ्यांना उपयोगी पडता येईल असे आणखी एक क्षेत्र आहे, आणि तेथे कार्यालयांतील मंडळींचाही संबंध येतो. बहुविकलांग मुलाच्या कुटुंबाला जे काही मिळावयाचे असते ते कागदावर अवलंबून असते. वैद्यकीय मंडळाचे प्रमाणपत्र नसेल तर एस. टी. ची सवलत नाही, संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज नाही, शिष्यवृत्ती नाही. राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत बहुविकलांग व्यक्तींना एक लाख रुपयांपर्यंतच्या आरोग्यविम्याची सोय आहे. अठरा वर्षांनंतर पालकत्व ठरविण्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक समितीची तरतूद आहे. ही माहिती फडावर ऊस तोडणाऱ्या आईबापांपर्यंत कोणी न्यावयाची? अर्ज आता संगणकावर भरावे लागतात. ते भरणे पदवीच्या विद्यार्थ्याला अर्ध्या तासाचे काम आहे आणि अक्षरओळख नसलेल्या आजीला अशक्य आहे.

टेबलाच्या पलीकडे बसलेल्या लिपिकालाही येथे बरेच करता येण्यासारखे आहे. कडेवर बारा वर्षांचे मूल घेऊन आलेल्या बाईला ‘पुढच्या बुधवारी या’ असे म्हणणे म्हणजे तिला पुन्हा एकदा भाडे, रोज आणि पाठ मोडण्यास सांगणे होय. कोणते कागद लागतील हे पहिल्याच खेपेला लिहून दिले, तरी एक फेरी वाचते. या सौजन्यासाठी शासननिर्णयाची वाट पाहण्याचे कारण नाही.

धावून जाणे आणि टिकून राहणे

मराठवाड्याच्या तरुणांना सेवाभाव नवा नाही. १९७२ च्या दुष्काळाची आठवण येथे अजून बुजलेली नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला, तेव्हा राज्यभरातून विद्यार्थी धावून आले आणि त्यांनी ढिगारे उपसले. संकटाच्या हाकेला ओ देणे हा आपल्या समाजाचा मोठा गुण आहे. परंतु बहुविकलांगता ही आपत्तीसारखी येऊन जाणारी घटना नाही. तिच्यात ढिगारा उपसून संपत नाही. ती त्या घरात रोज सकाळी असते. तिच्यासाठी लागणारा गुण धावून जाण्याचा नाही, टिकून राहण्याचा आहे. आणि या गुणाला ना वर्तमानपत्रात जागा मिळते, ना सत्कार समारंभात.

तरीही हा गुण आपल्या मातीला परका नाही. मुक्ताबाईंची पालखी दरवर्षी बीड शहरातून पंढरपूरला जाते. त्या वाटेने चालणाऱ्या वारकऱ्याची प्रतिष्ठा त्याने एकदा दर्शन घेतले यात नसते. त्याने वारी चुकविली नाही यात असते. पाऊस लांबला, घरात अडचण आली, तरी तो निघतो, कारण जाणे हेच त्याचे व्रत असते. बहुविकलांग मुलांच्या शाळेला हीच निष्ठा हवी आहे.

शेवटी एका गोष्टीकडे विद्यार्थ्यांचे लक्ष वेधावेसे वाटते. अठराव्या वर्षी मुलगा वा मुलगी महाविद्यालयात स्थिरावत असते. त्याच अठराव्या वर्षी बहुविकलांग मुलाचा मोफत शिक्षणाचा कायदेशीर हक्क संपतो आणि बहुतेकांच्या बाबतीत शाळेचे दार मागे लागते. दोघांचे वय एक, गाव एक, कित्येकदा गल्लीही एक. एकापुढे जग उघडत असते तेव्हा दुसऱ्याचे जग पुन्हा घराच्या ओसरीएवढे होत असते. या दोघांची भेट वर्षातून एकदा खाऊच्या पुड्यावर व्हावी की दर मंगळवारी दुपारी व्हावी, याचा निर्णय कोणा मंत्र्याने घ्यावयाचा नाही. येत्या सत्रात कार्यक्रम अधिकारी म्हणून काम पाहणाऱ्या प्राध्यापकाने आणि त्याच्या वीस विद्यार्थ्यांनी तो घ्यावयाचा आहे. वीस जणांनी एक वर्ष वार चुकविला नाही, तर त्या दहा घरांत काय बदलले हे सांगण्यासाठी अहवालाची गरज पडणार नाही. दार वाजण्याच्या वेळेला आतले मूल मान वळवून वाट पाहू लागलेले असेल.